नव्या मांडणीत जागा

युआनझीने जाता जाता माझ्या टेबलावर एक संत्रं ठेवलं आणि म्हणाला, "बाइझीताई, सकाळचं उत्तर एकदम स्वच्छ होतं हं. वरच्यांनाही आवडलं." एवढं बोलून स्वारी पुढे गेलीसुद्धा. बत्तीस वर्षांचा आमचा साहेब, चालतो असा की कायम कुणीतरी मागे लागलंय. मी संत्र्याकडे बघत बसले. सकाळी मी उत्तर दिलं होतं एकच, तेही एका फायलीबद्दल. ते वरच्यांना आवडायचं काय कारण? फाईल कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नाही. आणि संत्रं कशाला? युआनझी कुणाला फुकट पाणी पाजणाऱ्यांतला नव्हे. जेवणाची वेळ झालीच होती, तरी मी फोनवरचा कामाच्या गप्पांचा गट उघडला.

त्यात युआनझीचा प्रश्न होता: 'नेटकं करण्याचं काम या शुक्रवारच्या आत उरकायचंय. जुन्या गटाला नव्या मांडणीत जागा आहे का?' त्याखाली माझं उत्तर: 'नाही. नव्या मांडणीत तसली जागाच ठेवलेली नाही. अख्खा गट काढून टाका, काही मोडणार नाही. जे थोडंफार कामाचं आहे ते इतरांत वाटून देता येईल.' आणि त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं: 'मिळालं. सहकार्याबद्दल आभार.' नाव बघितलं तर मनुष्यबळ विभागातली बाई. 'मिळालं' हे आमच्याकडे ऊठसूट लिहितात, त्याला काही अर्थ नसतो. पण आभार? आणि ही बाई आमच्या फायलींच्या गप्पांत शिरली कधी? आणखी वर सरकवलं तर काल संध्याकाळी युआनझीनेच तिला आत घेतलं होतं. तिच्यासोबत वरच्या मजल्यावरच्या मोठ्या साहेबांनाही. मी बघितलंच नव्हतं. सकाळी मी दात घासत उत्तर लिहिलं होतं, एका हाताने.

आता आमचं काम काय ते सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. आम्ही खरेदीची पानं बनवतो. एकेक पान म्हणजे हजारो चिठ्ठ्याचपाट्या, वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेल्या. त्या सगळ्या गोळा करून, नको ते फेकून, हवं ते घट्ट बांधून गिऱ्हाइकाच्या फोनवर पाठवणारं एक अवजार असतं. कसं बांधायचं, कुठल्या क्रमाने, कशाला हात लावायचा नाही, हे ज्या फायलीत लिहितात तिला आम्ही मांडणी म्हणतो. जुनं अवजार धीमं झालं, नवं आलं. नव्याला जुनी मांडणी वाचता येत नाही. आणि कंपनीत अशा मांडण्या शेकड्यांनी पडलेल्या. हाताने बदलायच्या म्हटल्या तर माणूस म्हातारा होईल. म्हणून वसंतात मला जुन्या गटातून उचलून वेगळं बसवलं आणि सांगितलं, असं यंत्र लिही की एका तोंडाने जुनी मांडणी घालायची आणि दुसऱ्या तोंडाने नवी बाहेर. मी ते लिहिलं. चांगलं लिहिलं, उगाच खोटा विनय कशाला. जुन्या मांडणीत एक मोठा कप्पा असतो, त्याचं नावच 'नेटकं करणं'. त्यात बांधकामाचे गट पाडलेले असतात. नव्या अवजाराला तो कप्पा लागत नाही, ते आपलं आपण नेटकं करतं. तेव्हा माझं उत्तर अगदी बरोबर होतं. फायलीबद्दल.

पण आमच्याकडे माणसांनाही नेटकं करतात. काढलं, घालवलं असं कुणी म्हणत नाही. आमच्या या हांगचौ शहरातल्या सगळ्याच कंपन्यांत हीच तऱ्हा. आत आलात की तुमचं खरं नाव दारात ठेवायचं आणि एक सुंदरसं टोपणनाव घ्यायचं. आमच्याकडे ती औषधी झाडपाल्याची. मी बाइझी, साहेब युआनझी, आणि ज्याने मला सगळं शिकवलं तो दूझोंग. सगळे एकमेकांना वर्गमित्र म्हणणार. साहेबसुद्धा वर्गमित्र. आणि एखाद्या वर्गमित्राला नेटकं केलं की म्हणायचं, त्याचा पदवीदान समारंभ झाला. मेलं कसलं हे शिक्षण! माझा नवरा दुसऱ्या एका कंपनीत होता, त्याला मार्चमध्ये पदवी मिळाली. तेव्हापासून तो रोज सकाळी पाठीला पिशवी लावून बाहेर पडतो आणि सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसतो, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. शेजाऱ्यांना माहीत आहे. त्यांचाही जावई तिथेच बसतो.

जुना गट. युआनझीने तोच शब्द वापरला होता. जुन्या गटात आम्ही चौघं होतो. दोघं गेल्या वर्षी गेले, मला वेगळं बसवलं. म्हणजे जुना गट म्हणून उरलं होतं कोण? एकटा दूझोंगदादा. त्या फोनवरच्या गप्पा नव्या यंत्राच्या कामापुरत्या, त्यात तो नव्हता. आणि मी, त्याची चेली, दात घासता घासता लिहून मोकळी झाले होते की अख्खा गट काढून टाका. माझे पाय गारठले. बाहेर एवढं ऊन आणि मला टेबलाखाली पाय एकावर एक घासावेसे वाटले. मी स्वतःला म्हटलं, छे, काहीतरीच काय, असं कुणी वाचेल का? मग पुन्हा वाचलं, मनुष्यबळवाली बाई होऊन वाचलं. एकेक शब्द चपखल बसत होता.

"चल गं, जेवायला येतेस की त्या पडद्यालाच खातेस?" दादा उभा होता. त्रेचाळीस वर्षांचा, कपाळ मागे सरकलेलं, गळ्यात कंपनीचा पट्टा, शर्टाच्या खिशात कायम कागदी रुमालांचं पाकीट. त्याला बघून मी फोन पालथा टाकला. खाली खानावळीत आज कोवळ्या बांबूच्या, खारवलेल्या मोहरीच्या पाल्याच्या शेवया होत्या. त्याने वाडगं ढवळलं आणि म्हणाला, "यात डुकराचं मांस असतं अशी अफवा आहे. तुला तुकडा सापडला तर हाक मार, दोघं मिळून दर्शन घेऊ." मी हसले. हसता आलं याचंच मला नवल वाटलं. "आणि तुझं पिल्लू काय म्हणतंय?" माझ्या यंत्राला तो पिल्लू म्हणतो. "माझ्या फायली गिळल्या की अजून थुंकतंय?"

"गिळायला लागलंय," मी म्हटलं.

"शहाणं झालं म्हणजे." त्याने चॉपस्टिक वाडग्यावर आडव्या ठेवल्या. निम्म्या शेवया तशाच होत्या. हा माणूस अन्न टाकत नाही. मी टाकलं तर मला बोलतो. मी विचारायला हवं होतं, दादा, जेवत का नाहीस? विचारलं नाही. मला वाटलं त्याला कळलंय. मग वाटलं, कळलं असतं तर माझ्यासमोर बसून मांसाचे विनोद केले असते का? की केले असते, मुद्दाम? मी त्याच्या तोंडाकडे बघू शकेना. भिंतीवर कंपनीच्या वर्धापनदिनाचे फुगे होते, अर्धे बसलेले, त्यांच्याकडे बघत मी माझं वाडगं रिकामं केलं.

जेवणानंतर आमच्या मजल्यावर दिवे मालवतात. सगळा हॉल काळोखा होतो, पडदे ओढले जातात, आणि जो तो टेबलाखालून आपली घडीची खाट काढून आडवा होतो. भर दुपारी दोनशे माणसं डोळ्यांवर पट्ट्या बांधून निजलेली. नवा माणूस आला की घाबरतो. मला आता याची इतकी सवय झालीय की रविवारी घरीसुद्धा जेवल्यावर कुणीतरी दिवा मालवावा असं वाटतं. दादाची खाट माझ्या खाटेशेजारी, मध्ये एक कचऱ्याची टोपली. एरवी तो पाठ टेकताच घोरायला लागतो. आज घोरत नव्हता. मी कान देऊन होते. त्याचा श्वास वरवरचा चालला होता, माझाही. दोघं जागे आणि दोघं झोपल्याचं सोंग करतोय.

त्या काळोखात मला त्याच्या टिपा आठवल्या. जुन्या मांडण्यांमध्ये ओळीच्या शेजारी माणसाला वाचायला टीप लिहिता येते, अवजार ती सोडून देतं. दादाच्या फायली अशा टिपांनी भरलेल्या असायच्या. 'इथे हात लावू नका. मी लावला होता.' 'ही ओळ का आहे ते मला माहीत नाही, पण काढली की देयकाचं पान रडतं.' 'जो कुणी हे वाचतोय, आधी चहा पिऊन ये.' मी नवी होते तेव्हा या टिपांवरच शिकले. माझ्या गावाकडच्या कॉलेजात शिकवलेलं इथे काही उपयोगी पडलं नाही, या माणसाच्या वाकड्या टिपा उपयोगी पडल्या. खुर्ची ओढून शेजारी बसायचा, सूर्यफुलाच्या बिया सोलत सांगायचा, घाई करू नकोस, हे यंत्र मठ्ठ आहे, तू सांगशील तेच करणार, म्हणून तू काय सांगतेस ते नीट बघ. मग या उन्हाळ्यात यंत्र लिहिताना प्रश्न आला की टिपांचं काय करायचं. त्या नव्या फायलीत बरोबर जागी नेऊन बसवणं फार किचकट होतं, माझे आठवडे जात होते. मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "टाक काढून. त्या माणसांसाठी होत्या." मी काढून टाकल्या. तेव्हा मला हायसंच वाटलं, कारण काम सोपं झालं होतं.

आणि मग त्या खाटेवर पडल्या पडल्या मला आणखी एक वाईट शंका आली. आता आली की सकाळीच होती, देव जाणे. फायलींना कधी शुक्रवार नसतो. इतक्या महिन्यांत कुणी मला विचारलं नव्हतं की अमुक कप्पा अमुक वारी उरका. 'नेटकं' आणि 'शुक्रवार' हे दोन शब्द एका ओळीत आले की या शहरातलं शेंबडं पोरही कान टवकारतं. मग मी कसे टवकारले नाहीत? मी खरंच फायलीबद्दल लिहिलं का? लिहिताना 'अख्खा' हा शब्द मी का घातला? नुसतं 'गट काढा' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी आठवून आठवून बघितलं, तोंडात पेस्टचा फेस, आरशात माझा अर्धा चेहरा, बाहेर नवरा पिशवी भरतोय त्याचा आवाज. मनात काय होतं ते काही आठवेना. आठवेना म्हणजे नव्हतं असं नाही ना. शेजारी दादा कुशीवर वळला, खाट करकरली, आणि मी श्वास रोखून धरला, जणू मी काय विचार करतेय ते त्याला ऐकू जाईल.

दिवे लागले. लोक डोळे चोळत खाटा मिटू लागले. मी उठले आणि खाट न मिटता तडक युआनझीच्या काचेच्या खोलीत गेले. विचार करत बसले असते तर गेलेच नसते.

"युआनझी, सकाळचं माझं उत्तर फायलीबद्दल होतं."

"बसा ना, ताई."

"बसायला नाही आले. कप्प्याबद्दल होतं ते, मांडणीतल्या. मला वाटलं तू यंत्राचं विचारतोयस. माणसांचं नव्हतं."

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

त्याने दार लावून घेतलं. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, तोही झोपला नव्हता. "फायलीबद्दल होतं हे मला तेव्हाच कळलं. माणसांबद्दल विचारलं असतं तर तुम्ही असं कधीच लिहिलं नसतं. म्हणून तर तसं विचारलं."

"म्हणजे मुद्दाम?"

"वरच्यांना कामातल्या माणसाचं मत लेखी हवं होतं. मी लिहिलं तर ते साहेबाचं मत. तुम्ही दूझोंगदादांच्या हाताखाली शिकलात. तुमच्या शब्दाला वजन आहे."

"तुला लाज नाही वाटत?" माझा आवाज चढला. काचेपलीकडून एकाने मान वर केली.

"वाटते," तो म्हणाला. "हळू बोला. ताई, या मजल्यावरून एक नाव द्यायचंय. दिलं नाही तर माझं जातं. माझ्यापुढे दोन होती. एक छ्यू योंगसन."

"हा कोण?" मी विचारलं. आणि विचारल्यावर लक्षात आलं. दादाचं खरं नाव. नऊ वर्षं या माणसाच्या हाताखाली शिकले, त्याच्या मुलीच्या वाढदिवसाचे केक खाल्ले, आणि त्याचं नाव मला ओळखता आलं नाही. कंपनी फक्त निरोप देताना खरं नाव घेते. मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"आणि दुसरं शाओ वेनचिन," युआनझी म्हणाला. हे ओळखायला मला वेळ लागला नाही. ते माझं होतं. "यंत्र तयार झालंय, ताई. झाल्यावर करणाऱ्याचं काम तरी किती उरतं? खरं तेच सांगतोय, रागावू नका. तुम्ही सदतीसच्या. बाहेर या वयाला काय आहे ते तुम्हाला घरी दिसतंच." माझ्या नवऱ्याचं यालाही माहीत होतं. "अजून उशीर झालेला नाही. आत्ता गटात लिहा, सकाळचं उत्तर फायलीबद्दल होतं म्हणून. मी खाली लगेच 'मिळालं' लिहितो, वरच्यांशी मी बोलतो. पण मग दुसरं नाव जाईल. तुमच्यापासून काही लपवत नाही."

मी फोन काढला. लिहिलंसुद्धा. 'सकाळचं माझं उत्तर' एवढं लिहिलं. युआनझी सभ्यपणे खिडकीबाहेर बघत राहिला. खाली कुणीतरी डिलिव्हरीवाला सुरक्षारक्षकाशी भांडत होता, हातवारे दिसत होते, आवाज येत नव्हता. मला वाटलं, लिहू. दोनच शब्द राहिलेत. मग वाटलं, घरी काय सांगू? उद्यापासून आम्ही दोघं पिशव्या लावून एकाच वाचनालयात जाणार का, की वेगवेगळ्या? मुलगा शाळेच्या फॉर्मवर आईबापाच्या कामाच्या रकान्यात काय लिहील? मग वाटलं, दादाचीही मुलगी आहेच. मग वाटलं, त्याची बायको तरी नोकरीला आहे. हे मी मोजायला लागले तेव्हाच मला कळलं की मी काय करणार. मला स्वतःची किळस आली आणि तरी बोट खोडायच्या खुणेवर गेलं. एकेक अक्षर मागे गेलं. मी फोन खिशात टाकला.

मी दाराशी गेल्यावर युआनझी हळूच म्हणाला, "ताई, दादांना तुम्हीच सांगाल का? त्यांना तीनला बोलावणं जाईल. त्याआधी आपल्या माणसाच्या तोंडून कळलं तर बरं."

"सांगते," मी म्हटलं. तेवढं तरी करायला हवं, असं मला वाटलं. आता वाटतं, नको म्हणायला हवं होतं.

दादा टेबल पुसत होता. मी म्हटलं, जरा बाहेर ये. आम्ही जिन्यात गेलो, जिथे सिगारेटवाले उभे राहतात. तिथे कुणी नव्हतं, नुसता वास होता. त्याने माझं तोंड बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बोल," तो म्हणाला, "आलं ना?"

"दादा, नाव आलंय. तुझं."

"माझं?"

"हो."

"एकट्याचंच? तुझं नाही?"

"नाही."

तो जिन्याच्या पायरीवर मटकन बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. मग हात काढले तर तो हसत होता, डोळ्यांत पाणी आणि हसत होता. "अगं, सकाळपासून घास उतरत नव्हता घशाखाली. मला वाटलं तुझंच येणार. यंत्र झालं, आता पोरीला घालवतील. तुझा नवरा तसा घरी. काल संध्याकाळी त्या युआनझीशी भांडून आलो, म्हटलं तिला हात लावलास तर बघ. त्याने ऐकलं म्हणजे. तसा वाईट नाही पोरगा." त्याने खोल श्वास घेतला. "माझं काय, मी बघीन काहीतरी. सासऱ्याचं दुकान आहे." त्याच्या सासऱ्याचं दुकान दोन वर्षांपूर्वी बंद झालं होतं. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं. मग तो म्हणाला, "पण वरच्यांना काय ठाऊक आमचा गट लागत नाही ते? आतल्याच कुणीतरी सांगितलं असणार. तुला काही कळलं का गं, कोण ते?"

"नाही," मी म्हटलं. "माहीत नाही."

आणि मला रडू कोसळलं, अगदी हमसून. थांबवायला गेले तरी थांबेना. दादा घाईघाईने उठला, खिशातलं रुमालांचं पाकीट काढलं, एक रुमाल बाहेर ओढून माझ्या हातात कोंबला, दुसरा ओढला. "अगं वेडी की काय, मी मेलोय का? गप. लोक येतील. रडू नकोस गं, यात तुझी काय चूक?" पुन्हा पुन्हा तो तेच म्हणत राहिला, आणि मी त्याला म्हणू दिलं.